हाडकीतला आंबा

व्यंकटराव खड्ड्याच्या काठावर उभे राहिले आणि धाकट्या भावाकडं बघून म्हणाले, "मी काय म्हणलो होतो?"

आनंदराज खाली खड्ड्यात बघत होता. जेसीबीचं इंजिन बंद झालं होतं. व्यंकटरावांचा पोरगा नागसेन वर सीटवर बसून बापाच्या तोंडाकडं बघत होता. बकेटच्या दातांत काळ्या मातीचं ढेकूळ अडकलं होतं आणि त्यातून हातभर लांब, पिवळट हाड बाहेर आलं होतं. बैलाचं. ते ओळखायला ह्या घरातल्या माणसाला डॉक्टर लागत नाही.

"एक जरी हाडूक निघालं तर कोपरा बंद. म्हणलो होतो का न्हाई?"

"म्हणलास, दादा."

"मग बुजवा. नागसेन, चालू कर मशीन. सगळं उचल आन् ओढ्यात नेऊन टाक. वरून माती वढ. उद्या मी सोयाबीन टोकतो हितं."

जळकोटहून गावाकडं येताना ओढ्याच्या अलीकडं ही अडीच एकर जमीन लागते. सातबाऱ्यावर तिला गट नंबर आहे, पण गावाच्या तोंडात तिचं नाव हाडकी. गावातलं मेलेलं ढोर ओढून आणायचं, इथं सोलायचं आणि त्या बदल्यात हा तुकडा कसून खायचा, असा कायदा निजामाच्याही आधीपासून चालत आलेला. निजाम गेला. धर्मांतर झालं, त्याच्या पुढच्या साली व्यंकटरावांचा आजा ग्यानोबा यानं भर चावडीत सांगितलं की आजपासून आमच्या घरातला हात मेलेल्या ढोराला लागणार नाही. कायदा संपला. नाव तेवढं राहिलं. गावाला जे फुकटात मिळतं ते गाव सोडत नाही, आणि दुसऱ्याला नाव ठेवायला कधी कुणाला पैसे पडलेले नाहीत.

व्यंकटरावांना शाळेत हाडक्या म्हणत. मास्तरसुद्धा. पुढं ते पंचायत समितीवर निवडून गेले तेव्हा लोक तोंडावर 'व्यंकटरावजी' म्हणायला लागले आणि पाठ फिरली की हाडक्याच. जमिनीच्या ह्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी आयुष्यात नांगर घातला नव्हता. तिथं घाणेरी माजली, वेड्या बाभळी वाढल्या, साप राहिले, पण व्यंकटराव तिकडं फिरकले नाहीत. तिथं काय आहे ते त्यांना माहीत होतं. म्हणजे, माहीत आहे असं ते धरून चालले होते.

बागेला ते तयार झाले ते एकाच गोष्टीसाठी. आनंदराज लातूरहून पत्र्याची पाटी घेऊन आला होता, निळ्या रंगाची, कोरी. त्यावर 'आम्रपाली वन' लिहायचं ठरलं होतं. "नाव बदलणार असल तर लावा," एवढंच व्यंकटराव म्हणाले होते. झाडांचं त्यांना काही नव्हतं.

---

"मोठे बाबा, कोपरा बंद केला तर आंबा कुठं लावू?"

हे विचारणारी बुद्धप्रिया, आनंदराजची पोरगी. शेतकी शिकली, नांदेडला एका खताच्या कंपनीत पोती विकायचं काम करत होती, आणि दिवाळीनंतर ते सोडून इथं आली. का सोडलं असं कुणी विचारलं तर सांगायची, "शेतकऱ्याला खोटं बोलून बोलून माझा घसा बसला." गावानं त्याचा अर्थ लावला की पोरीला नोकरीवरून काढलं. लावू दे.

तिचा हिशोब साधा होता. घरापुरती बाग. बारा महिन्यांत असा एक महिना जाऊ नये की घरात आपल्या झाडाचं फळ नाही. पावसाळ्यात जांभूळ, मग सीताफळ, पेरू, आवळा, बोरं, कवठ, उन्हाळ्यात आंबा; पपई, केळी, लिंबू, शेवगा तर कधीही. कुंपणाला करवंदाची जाळी, म्हणजे शेळ्याही थांबतील आणि लोणचंही होईल. आणि बाहेरून काही आणायचं नाही. खत आपल्या म्हशीचं, पेंड आपल्या लिंबाच्या लिंबोळ्यांची, झाडाच्या बुडाला झाकायला आपल्याच सोयाबीनचं भुसकट. विकायचं काही नाही आणि विकत घ्यायचं काही नाही. बाजारात गेलं की आपल्याला कुणीतरी तोलतं, हे ती पोती विकताना शिकली होती.

पण जमीन मुरमाड. हातभर खोदलं की मुरूम. सीताफळ, बोर, आवळा तिथं येतात, त्यांचे खड्डे मे महिन्यातच खोदून उन्हात तापवून ठेवले होते आणि सकाळपासून बरीच रोपं लावूनही झाली होती. पाऊस होऊन मातीला वाफसा छान आला होता. आंब्याला मात्र खोल माती पाहिजे. खोल माती अख्ख्या अडीच एकरात एकाच ठिकाणी होती, ह्या कोपऱ्यात. कोपरा नाही तर आंबा नाही. आणि आंबा ही आज्जीची मागणी होती. सगळ्या फळांची नावं ऐकून झाल्यावर भामाबाईंनी एवढंच विचारलं होतं, "बाग म्हणता, आन् आंबा न्हाई?"

कोपरा मिळावा म्हणून बुद्धप्रिया चार महिने मोठ्या बाबांच्या मागं लागली होती. काल रात्री जेवताना ते कसेबसे हो म्हणाले. आणि आज पहिल्याच खड्ड्यात हे.

"आंबा बाजारातून आण," व्यंकटराव म्हणाले.

"मोठे बाबा, हाड म्हणजे झाडाला स्फुरद. पन्नास-साठ वर्षं मुरलेलं. लोक हे विकत आणतात. काढूच नका, आहे तिथंच राहू द्या, मी वर माती टाकून झाड लावते."

"म्हणजे माझ्या आज्यानं सोललेल्या ढोरावर आंबा वाढवायचा आन् माझ्या नातवानं तो चोखायचा. लई शिकलीस तू."

"दादा, मला वाटतं काढावं, पण ओढ्यात टाकू नये," आनंदराज मधे पडला. वीज मंडळातून रिटायर झाल्यापासून तो लातुरात सभांना जायचा, भाषणं ऐकायचा, कधी करायचाही. "हा इतिहास आहे आपला. एक-दोन हाडं धुवून काचेच्या पेटीत ठेवू. खाली लिहू. पुढच्या पिढीला कळलं पाहिजे आपण कुठून आलो."

"पेटी कुठं ठेवायची, काका?" नागसेनची बायको दिपाली चहाची किटली घेऊन उभी होती. "तुमच्या लातूरच्या हॉलमधी ठेवता का माझ्या सैपाकघरात?"

नागसेन वर बसून हसला. व्यंकटरावांनी त्याच्याकडं बघितलं, तसा गप्प झाला.

"लातूरला र्‍हाऊन इतिहास सोपा हाय, आनंद," व्यंकटराव म्हणाले. "तू धाव्वी झाला अन् गेलास. तिकडं तुला कुणी हाडक्या म्हणलं? तिकडं तू साहेब. हितं मी र्‍हायलो. तुला पेटीत ठेवायचं सुचायलंय, मला ह्याच्यावरून रोज चालावं लागलं."

आनंदराजनं चहाचा कप घेतला आणि बशीत ओतला. इतके दिवस तो पोरीच्या बाजूनं होता. आता तो कुणाच्याच बाजूनं नव्हता.

"आज्जीला इचारा," नागसेन वरून म्हणाला. "आज्जी म्हणंल तसं करू. मशीन दुपारी दुसऱ्याच्या शेतात न्यायचंय मला."

---

भामाबाई लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं त्यांनी करू दिलं नव्हतं. "एकानं दिसंल तेवढं बास हाय. सगळं बघून काय करायचंय?" सकाळपासून लावलेलं प्रत्येक रोप त्यांनी जवळ मागवून हातानं चाचपलं होतं आणि मग लावायला दिलं होतं.

आता सगळे त्यांच्याभोवती गोळा झाले आणि एकदम बोलायला लागले. भामाबाईंनी हात वर केला.

"हाडूक निघालं?"

"हाव, माय," व्यंकटराव म्हणाले. "मी म्हणत होतो तसंच."

भामाबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. त्या लग्न होऊन ह्या घरात आल्या तेव्हा न्हाणसुद्धा आलं नव्हतं. सासऱ्यानं चावडीवर शपथ घेतली ती त्यांनी बायकांच्या घोळक्यातून ऐकली होती. घरी आल्यावर सासऱ्यानं सगळ्यांना ओळीत बसवलं, बायकापोरांसकट, आणि प्रत्येकाकडून पुन्हा वदवून घेतलं. सुनेच्या पुढं येऊन तो थांबला. "तू नवी हाईस. पुढचं घर तू चालवणार. ह्या घरातला हात मेलेल्या जनावराला लागला तर मी तुला इचारीन." गावानं त्यानंतर ह्या घराला पीठगिरणी बंद केली, कामाला बोलावणं बंद केलं. घर मोडायला आलं होतं. शपथ मोडली नाही.

सासरा मरून किती वर्षं झाली. तरी विचारील असं त्यांना अजून वाटत होतं.

"हात लावू नका कुणी," त्या म्हणाल्या.

"ऐकलं?" व्यंकटराव.

"आज्जी, मी हात लावणारच नाही. नुसतं माती—"

"पोरी, मशीननं वर काढलं ना? मग ते परत खड्ड्यात कोण टाकणार? सांडलेलं बारीकसारीक उचलायला हातच लागणार. ह्या घरातला लागणार न्हाई."

बुद्धप्रियाच्या हातात आंब्याचं कलम होतं. घरच्या कोयीचं रोप, त्यावर केसरची काडी. तिनं स्वतः बांधलेलं. तिनं ते सावलीत ठेवलं. कुणाला तिची कीव आली नाही, कारण ह्या घरात कीव करायची सवयच नाही. पण दिपाली जाऊन त्या रोपाशेजारी बसली आणि पिशवीतली माती सुकू नये म्हणून तांब्यातलं पाणी त्याच्यावर शिंपडलं.

"कोपरा न्हाई तर न्हाई," ती हळूच म्हणाली. "परसात लाव. न्हाणीच्या पाण्यावर येईल."

"न्हाणीच्या मागं खाली दगड आहे, वहिनी. दोन वर्षांत वाळेल."

तिकडं नागसेन पहार घेऊन बकेटचे दात साफ करायला लागला. मशीन भाड्याचं, दातात हाड ठेवून परत देता येत नाही. त्यानं पहारीनं ढेकूळ फोडलं तसं आतून आणखी एक तुकडा खाली पडला. खण्ण वाजला.

"पप्पा, लोखंड हाय ह्याच्यात."

"कसलं लोखंड?"

"नाल हाय. बैलाचा. खुराच्या हाडालाच चिकटलाय."

---

नेमकी त्याच वेळी हरिओमची मोटारसायकल बांधावर येऊन थांबली. शेजारची बारा एकर त्याची. पन्नाशीचा माणूस, मोबाईलवर सेंद्रिय शेतीचे तीन गट चालवतो, सीताफळाच्या बागेसाठी तालुक्याला त्याचा सत्कार झाला होता. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात. वाईट नसलेली माणसं जे बोलतात तेच तो बोलायचा.

"काय व्यंकटराव, खजिना घावला का काय?"

"ये. चहा घे," व्यंकटराव म्हणाले. आवाजात काही नव्हतं.

हरिओमनं गाडी लावली. खड्ड्यात डोकावला, हाड बघितलं, आणि मान हलवली. "निघायचंच. हाडकी हाय शेवटी." मग हसला. "बाग लावा खुशाल, पण फळं गावात इकायला आणू नका बरं. हाडकीतलं कोण घेणार?"

"गावाला आवतण कुणी दिलंय?" दिपाली म्हणाली. "आमची बाग घरापुरती हाय. उरलं तर म्हशीला घालू."

"अगं गंमत केली."

"मीबी गंमतच केली, काका."

लिंबाखालून भामाबाईंचा आवाज आला. "नागसेना. नाल हाय म्हणलास?"

"हाव, आज्जी."

"आण हिकडं. हातात घेऊ नको. पहारीवर आण."

नागसेननं पहारीच्या टोकावर तो तुकडा तोलत आणला. गंजून लाल झालेली लोखंडाची अर्धी फाक, खिळ्यांसकट, खुराच्या हाडात बसलेली. भामाबाईंनी मान वाकडी करून चांगला डोळा जवळ नेला. बराच वेळ बघितलं.

"हे आपलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आपलं न्हाई म्हणजे?" व्यंकटराव.

"आपल्या घरानं सोललेलं न्हाई. माझा सासरा ढोर हितं आणलं की आधी नाल उपटायचा. मग कातडं. मग शिंगं. मांस सुटलं की हाडं गोळा करून गाडीत भरायची, उदगीरच्या स्टेशनाला व्यापारी असायचा, त्याला घालायची. ही जागा झाडून लख्ख असायची. तो म्हणायचा, गाव आपल्याला मेलेलं देतं, त्यातलं काडीभर मातीत जाऊ द्यायचं न्हाई. आपण हाडं पुरली न्हाईत, बाबा. आपल्याला ती परवडत नव्हती."

आनंदराजनं चष्मा काढून पुसला.

"मग ही कुणाची?" बुद्धप्रियानं विचारलं.

"आपण सोडलं, मग गावात ढोरं मरायची थांबली का?" भामाबाईंनी मान हरिओमकडं वळवली. "पहिला बैल मेला तो तुझ्या आज्याचा, अमृतरावाचा. तीन दिवस गोठ्यात पडला. आमच्या घरापुढं माणूस पाठवला, दोन पाठवले. मामंजी दारात बसून र्‍हायले, उठले न्हाईत. शेवटी अमृतरावानं अन् त्याच्या भावानं तोंडाला धोतराचा सोगा बांधला, बैलाला दावं लावलं, अन् वढत आणून हितं टाकला. आमच्याच जमिनीत. नाल काढायचं त्यांना कुठं ठावं? तसाच टाकून पळाले. वढत नेताना मी दारातून बघत होते. त्याच्यानंतर सगळ्या गावानं तेच केलं. वास सुटायचा. मामंजी रातीला जाऊन वरून माती वढायचे, फावड्यानं. हात न लावता."

व्यंकटराव ढेकळावर बसले.

लहानपणी पोरांनी हाडक्या म्हटलं की ते मारामारी करायचे. मोठेपणी मारामारी करता येत नव्हती म्हणून त्यांनी तो कोपराच डोळ्याआड केला होता. जी लाज जन्मभर उराशी धरली ती ह्यांच्या घरची नव्हतीच. ज्यांनी नाव ठेवलं त्यांनीच ओढून आणून टाकलेली होती.

"माय," ते म्हणाले, "हे तू मला कधी सांगितलं न्हाईस."

"तू कधी इचारलंस? हाडकीचं नाव काढलं की ताटावरून उठायचास. मला वाटलं तुला ठावं हाय."

हरिओम उभ्या उभ्या चहा संपवत होता. कप खाली ठेवला. "भामाबाई, लई जुनी गोष्ट हाय. आमच्याच बैलाचं कशावरून?"

"तुझ्याच बैलाचं म्हणून मी कुठं म्हणते? गावाचं हाय. आन् गावातला तू आज हितं उभा हाईस." भामाबाईंनी काठी उचलून कोपऱ्याकडं दाखवलं. "टाकलं तुम्ही. आम्ही उचलणार न्हाई, आमची शपथ हाय. जे वर निघालंय ते उचल, आन् खड्ड्यात ठेव. पोरीला झाड लावायचंय."

हरिओम हसला. कुणी हसलं नाही तसा थांबला.

"मी कसं? आमच्यात मेलेल्या ढोराला हात लावत न्हाईत."

वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्याला कळलं की आपण काय बोललो. पण ते निघून गेलं होतं. ह्या देशात ते वाक्य इतक्या सहज निघतं की बोलणाऱ्याच्या जिभेला चटकासुद्धा बसत नाही.

"काका," बुद्धप्रिया शांतपणे म्हणाली, "तुमच्या सीताफळाला बोनमील टाकता ना तुम्ही?"

"टाकतो. सेंद्रिय असतं."

"मागच्या वर्षी आठ पोती नेली होती. नांदेडच्या दुकानातून. मीच दिली होती, आठवतं?"

"हाव. मग?"

"हातानं पसरता का फावड्यानं?"

"हातानंच, बुडाशी—" हरिओम थांबला.

"कशाचं असतं ते, काका?"

पोत्यावर हिरवं पान छापलेलं असतं. आत तेच, दळलेली हाडं. ह्या घराच्या पाठीवरून आलं की विटाळ आणि हिरव्या पानाच्या पोत्यातून आलं की सेंद्रिय, एवढाच काय तो फरक, आणि ह्या फरकावर गाव उभं आहे.

"हरिओम," आता व्यंकटराव उठले. "तुझा ट्रॅक्टर ह्या बांधावरून जातो. तुझ्या बापापासून. मी कधी आडवलंय?"

"न्हाई."

"आडवणारबी न्हाई. तू उचल का उचलू नको, रस्ता तुझाच. पण आज मायनं सांगितलंय, आन् मी बघायलोय."

हरिओमनं रस्त्याकडं बघितलं. दोन्ही बाजूंना बघितलं. कुणी नव्हतं. मग त्यानं शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

आनंदराजनं खिशातून मोबाईल काढला.

"ठेव ते," व्यंकटराव भावावर ओरडले. "तमाशा न्हाई हा. सभेत दाखवायला तुला पुन्हा काचेची पेटी पाहिजे का? ठेव म्हणलो ना."

आनंदराजनं मोबाईल ठेवला. त्याला राग आला होता, पण दादा बरोबर बोलला हे त्यालाही कळलं, आणि त्यामुळं राग जास्त आला.

नागसेननं सीटखालचे रबरी हातमोजे पुढं केले. हरिओमनं ते घेतले, एक हातात चढवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, काढून परत दिला. वाकला. मांडीचं हाड उचललं, खड्ड्यात ठेवलं. दोन फासळ्या. मणक्याचे तुकडे. पाठीचा घाम शर्टातून दिसायला लागला. कुणी मदत केली नाही, कुणी टोमणा मारला नाही. दिपालीनंसुद्धा नाही. कामाच्या मधेच एकदा हरिओम म्हणाला, "लई हलकी झालीत," आणि ते तो कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

शेवटी खुराच्या हाडातून सुटलेला नालाचा तुकडा राहिला. तो उचलून त्यानं भामाबाईंकडं बघितलं.

"हेबी खड्ड्यात?"

"लोखंडाचं काय करंल झाड? ते तुमचं हाय. घेऊन जा."

हरिओमनं तो नाल हातात फिरवला. गंजाचा लाल चुरा तळव्याला लागला. त्यानं तो मोटारसायकलच्या डिकीत टाकला, हाताला कुणी पाणी देतंय का ते बघितलं. दिपालीनं तांब्या उचलला आणि त्याच्या हातावर वरून पाणी धरलं. वरून. तिच्या सासूच्या सासूला, भामाबाईंना, ह्याच हरिओमच्या घरी असंच वरून पाणी मिळायचं. दिपालीनं ते मुद्दाम केलं का, हे तिलाच माहीत. हरिओमच्या लक्षात आलं नाही. किक मारून तो गेला.

---

बुद्धप्रियानं वेळ घालवला नाही. हाडांवर वीतभर माती, मग कुजलेलं शेणखत, लिंबोळीची पेंड, पुन्हा माती. तिनं कलम आणलं. पिशवी फाडली.

"कुणीतरी सरळ धरा."

नागसेन पुढं आला, पण व्यंकटराव त्याच्या आधी खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकून बसले होते. त्यांनी रोपाचं खोड दोन बोटांत धरलं. धाकट्या नातवाचं बोट धरावं तसं नाही. कोर्टात पुरावा धरावा तसं, घट्ट.

"मोठे बाबा, कलमाचा जोड मातीच्या वर पाहिजे. थोडं उचला."

"असं?"

"हां. आता सोडू नका."

लिंबाखालून भामाबाईंनी विचारलं, "किती वर्षांनी लागंल आंबा?"

"चार-पाच वर्षं, आज्जी."

"मग थांबते," भामाबाई म्हणाल्या.

"माय, पण हात लागला का आपला?" व्यंकटरावांनी न बघता विचारलं. त्यांचे हात मनगटापर्यंत मातीत होते, आणि खाली, वीतभर मातीच्या खाली, ते होतंच. "शपथेचं काय?"

"तू झाड धरलंयस," भामाबाई म्हणाल्या. "मामंजीनं झाडाची शपथ घेतली नव्हती. मुळं खाली जाऊन काय धरतील ते त्यांचं त्यांना."

बुद्धप्रियानं माती दाबली, भुसकट पसरलं. आनंदराज गाडीतून निळी पाटी आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला. त्याचा राग अजून गेला नव्हता, पण अक्षर घरात त्याचंच चांगलं होतं. त्यानं पाटी मांडीवर घेतली, ब्रश बुडवला. "आम्रपाली वन," तो म्हणाला. "'वन' खाली घेऊ का एकाच ओळीत?"

व्यंकटराव उठले. गुडघ्याची माती झटकली नाही.

"ते राहू दे. हाडकी लिही."

आनंदराजनं ब्रश तसाच धरून भावाकडं बघितलं. "दादा, तूच तर..."

"हाडकी लिही म्हणलो ना. आन् अक्षर मोठं काढ. हरिओमच्या बांधावरून वाचता आलं पाहिजे."